काकवीचं फडकं : धुवावं कसं, जपावं कसं



बेणं, लागण, आंतरमशागत, खताचे हप्ते यांवर या पानातून आपण नेहमी बोलतो. आज एका हातभर फडक्याविषयी लिहितो आहे. विषय लहान वाटेल, पण त्यापायी एका सभासद भगिनीचं आधणभर नुकसान झालेलं मी पाहिलं आहे. आणि खरं सांगायचं तर ते माझ्याच सल्ल्याने झालं.

सुरुवातीलाच एक खुलासा करतो. नोंदीचा ऊस कारखान्यालाच द्यायचा, यात बदल नाही. पण संक्रांतीच्या सुमारास घरच्यापुरता एखादा सरी-तुकडा राखून गूळ-काकवी करणारी घरं आपल्या भागात आहेत. वर्षभर पोराबाळांच्या तोंडी घरचं गोड जातं. ते चांगलं व्हावं, एवढ्यासाठीच हा लेख.

कोहमाऱ्याहून नवेगावबांधकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावातली ही गोष्ट. काही वर्षांपूर्वी मी ऊस पाहणीला गेलो होतो. धान निघून गेलेल्या बांधीशेजारी चुलवाण पेटलेलं होतं. काकवी गाळायचं फडकं काळपट आणि कडक झालेलं दिसलं. मी मोठ्या अधिकारवाणीने म्हटलं, "बाई, हे चांगल्या धुण्याच्या पावडरमध्ये भिजवा, लख्ख होईल." फडकं लख्ख झालं. आठवड्याने पुन्हा गेलो, तर बाईंनी तांदळाच्या भाकरीसोबत वाटीत काकवी पुढे केली. म्हणाल्या, "चाखून पाहा जी साहेब." पहिल्याच घासाला पावडरीचा वास आला. त्या मला एक शब्द बोलल्या नाहीत. पण पाहुण्यांना देण्यासाठी भरलेले दोन डबे गुरांच्या आंबोणात गेले होते. त्या दिवसापासून मी या फडक्याकडे नीट पाहू लागलो.

फडकं बिघडलं तर काय बिघडतं?

पुष्कळांना वाटतं, रस तर उकळतोच, मग फडक्याच्या मळाने काय होणार? होतं, आणि दोन्ही टोकांना होतं.

पहिलं टोक कच्च्या रसाचं. चरकातून मांदणात पडणाऱ्या रसात चिपाडाचा भुगा, माती आणि कांड्यावरचं मेण असतं. ते फडक्यात अडकतं. त्या ओल्या, गोड फडक्यावर जंतू भराभर वाढतात. त्यांतला एक जंतू, ल्यूकोनॉस्टॉक, साखर खाऊन बुळबुळीत चिकटा तयार करतो. आदल्या दिवशीचं न धुतलेलं फडकं हाताला शेवाळासारखं लागतं, ते यामुळेच. उकळल्यावर जंतू मरतो, पण त्याने केलेला चिकटा रसातच राहतो. शिवाय रस आंबला की साखर फुटते आणि गूळ घट्ट बसत नाही. शिळ्या उसाचा उतारा का घटतो हे गट सभेत आपण सांगतो, त्यातलंच हे घरगुती उदाहरण.

दुसरं टोक तयार काकवीचं. गुळाचं आधण साधारण ११८ अंश सेल्सिअसला उतरवतात, काकवीचं १०५ ते १०६ अंशांवर. म्हणजे काकवीत पाणी जास्त राहतं, त्यामुळे ती नाजूक. उकळून स्वच्छ झालेली काकवी बुरशीच्या फडक्यातून गाळली, तर आपणच तिला विरजण लावल्यासारखं होतं. महिन्याभरात डब्याला फेस येतो, झाकण फुगतं आणि आंबूस वास सुटतो. दोष मात्र उसाच्या जातीला दिला जातो!

कापड कोणतं घ्यावं?

जाड विणीचं सुती कापड, साधारण मांजरपाट, उत्तम. नव्या कापडात खळ असते. ते दोनदा उकळून पाणी फेकून द्यावं, मगच वापरावं. जुनं पांढरं धोतर दुहेरी घडी करून चालतं. रंगीत लुगडं नको, गरम काकवीत रंग उतरतो. आणि खताची किंवा औषधाची पिशवी कितीही धुतली तरी गाळायला घेऊ नका. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे म्हणून लिहितो.

फडकी दोन ठेवावीत. एक कच्च्या रसाचं, एक तयार काकवीचं. अदलाबदल नको, म्हणून एकाच्या कोपऱ्याला गाठ मारून ठेवावी.

धुण्याची रीत

१) कच्च्या रसाचं फडकं आधी गार पाण्यात उलटं करून खळबळावं. आधीच उकळतं पाणी ओतलं तर रसातला चिकट अंश विणीतच शिजून बसतो. भुगा निघून गेला, की मग गरम पाणी.

२) काकवीच्या फडक्याला उलट रीत. त्यात मुख्यतः साखर असते, ती गरम पाण्यात चटकन विरघळते. काहील उतरली की लगेच गरम पाण्यात टाकावं. वाळून कडक झालं की दुप्पट मेहनत.

३) त्यानंतर दोन्ही फडकी वेगवेगळ्या भांड्यांत स्वच्छ पाण्यात दहा-पंधरा मिनिटं खळखळ उकळावीत. साबण नको, पावडर नको, नीळ तर मुळीच नको. सुती धागा वास धरून ठेवतो. शिवाय विहिरीच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो आणि विणीची भोकं बुजतात.

४) मेणाचा तेलकट थर जात नसेल, तर उकळत्या पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकावा आणि नंतर हाताला बुळबुळ लागेनाशी होईपर्यंत खळबळावं.

५) रसात चुना घातल्यामुळे फडक्यावर पांढरट, खरखरीत थर बसतो. त्याला लिंबू पिळलेल्या पाण्यात अर्धा तास भिजवावं. मात्र सोडा आणि लिंबू एकाच वेळी नको; एक दुसऱ्याला मारतं आणि काम कोणाचंच होत नाही.

६) पिळे घालून पिळू नये. वीण सरकते आणि पुढच्या वेळी गाळ खाली उतरतो. दोन तळव्यांत दाबून पाणी काढावं.

७) कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवावं. जानेवारीत आपल्याकडे दव पडतं, म्हणून दिवस मावळायच्या आत घरात घ्यावं. पूर्ण वाळल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात ठेवावं. चुलीवरच्या दोरीवर टांगलं तर धुराचा वास, आणि कपाटात डांबराच्या गोळ्यांशेजारी ठेवलं तर त्याहून वाईट.

पुन्हा वापरताना उकळत्या पाण्यातून काढून, दाबून, ओलसर असतानाच गाळायला घ्यावं. कोरडं कापड गरम काकवी पिऊन घेतं आणि लवकर तुंबतं. एका दिवसात दोन-तीन आधणं असतील, तर प्रत्येक आधणानंतर फडकं धुवावं.

सातासमुद्रापलीकडेही हेच

कॅनडात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागात मेपल नावाच्या झाडाला हिवाळ्याच्या अखेरीस भोक पाडून रस गोळा करतात. त्या रसात साखर जेमतेम २ टक्के, म्हणून साधारण ४० लिटर रस आटवावा तेव्हा १ लिटर पाक मिळतो. आटवताना त्यात वाळूसारखा बारीक क्षार उतरतो. तो काढायला जाड नमद्यासारख्या कापडातून पाक गरम असतानाच गाळतात. तिथले जाणते शेतकरीसुद्धा कापड आधी गरम पाण्याने ओलं करतात, नुसत्या गरम पाण्याने धुतात, साबण लावत नाहीत आणि पिळत नाहीत. झाड वेगळं, मुलूख वेगळा, पण गोडाचा धर्म एकच.

आपल्या कारखान्यातही दुसरं काय चालतं? रसाला चुना देऊन गाळ बसवतात आणि तळाचा गाळ फिल्टरवर धुऊन त्यातली उरलीसुरली साखर काढून घेतात. शेतात पडते ती प्रेसमड म्हणजे हाच गाळ. तिथे गाळणी तुंबली की पाळीवरचा माणूस लगेच धावतो. घरी मात्र फडकं तसंच कुंपणावर पडून राहतं.

फडकं किती दिवस चालवावं, असंही विचारतात. त्याला महिने मोजू नयेत. उकळूनही काळे ठिपके जात नसतील, आंबूस वास येत असेल किंवा उजेडासमोर धरल्यावर वीण विरळ दिसत असेल, तर त्याचं पोतेरं करावं. काहीलभर काकवीपुढे हातभर मांजरपाट महाग नाही.

त्या भगिनींनी पुढच्या वर्षी पुन्हा काकवी केली. या वेळी फडकं नुसत्या पाण्यात उकळलेलं होतं. मी न मागता वाटी पुढे आली. चव घेतली आणि मनावरचं ओझं उतरलं. त्या हसून म्हणाल्या, "आता लिहून काढा जी साहेब, म्हणजे दुसऱ्याची नासणार नाही."

म्हणून लिहिलं.

आपला,
ऊस विकास अधिकारी