घरगुती मिलिंग यंत्रासाठीं सर्व्हो मोटर

यंत्राला आज्ञा देणें सोपें असतें; ती आज्ञा पाळली गेली कीं नाहीं, हें पाहाणें कठीण. घरच्या कार्यशाळेंत हौसेनें मिलिंग यंत्र बांधणाऱ्याला हा भेद लवकरच कळून येतो. अशा यंत्राचें टेबल सरकविण्यास प्रथम बहुधा स्टेपर मोटर बसविली जाते. ती साधारणतः एका फेऱ्यांत २०० पावलें टाकते. विजेचा एकेक ठोका मिळाला कीं ठराविक अंतर पुढें जाते. परंतु हत्यार धातूंत अडकलें आणि कांहीं पावलें चुकलीं, तर ती चूक साध्या स्टेपरलाही कळत नाहीं आणि तिच्या नियंत्रकालाही कळत नाहीं. पुढील सर्व काम तेवढ्या अंतरानें सरकून कापलें जातें, आणि दोन दिवस खपून घडविलेला भाग भंगारांत जातो.

सर्व्होची रीत निराळी आहे. फ्रेंच एंजिनियर जोझेफ फार्को यानें १८७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथाला हेंच नांव दिलें. लॅटिन भाषेंत ‘सर्व्हुस’ म्हणजे दास. जहाजाचें अवजड सुकाणूं वाफेच्या बळानें फिरावें, परंतु तें नावाड्याच्या हाताप्रमाणेंच फिरावें, अशी त्याची योजना होती. पुढें १९५२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेनें अंकांच्या आज्ञेनें चालणारें मिलिंग यंत्र चालवून दाखविलें, त्याच्या मुळाशींही हेंच तत्त्व होतें. आजच्या सर्व्होंत मोटरच्या पाठीशीं एन्कोडर नांवाचें मापक असतें. मोटर खरोखर किती फिरली, हें तें ड्राइव्हला सारखें कळवीत राहातें. आज्ञा आणि प्रत्यक्ष स्थिति यांत अंतर पडलें, कीं ड्राइव्ह वीज वाढवून तें भरून काढतो.

मात्र हा दास पाहातो तो केवळ स्वतःचा दांडा. त्यापुढें स्क्रूमध्यें किंवा नटमध्यें खेळ असेल, तर त्याची वार्ता त्याला नसते. १७ बिटांचा एन्कोडर एका फेऱ्याचे १,३१,०७२ भाग पाडतो. स्क्रू एका फेऱ्यांत टेबल ५ मिलिमीटर सरकवीत असेल, तर एक भाग म्हणजे मिलिमीटरचा सुमारें २६ हजारावा अंश झाला. उलट, घरगुती यंत्रांत नेहमीं वापरल्या जाणाऱ्या सी-७ प्रतीच्या बॉल-स्क्रूंत ३०० मिलिमीटर अंतरामागें ०.०५ मिलिमीटरपर्यंत चूक मान्य असते. तेव्हां महाग मोटर घेऊन यंत्राची अचूकता विकत मिळते, ही समजूत चुकीची होय. खर्च आधीं स्क्रू, मार्गिका आणि बेअरिंगें यांवर व्हावयास पाहिजे.

मोटर निवडतांना केवळ वॅटचा आंकडा पाहून भागत नाहीं. जोर, वेग आणि जडत्व या तिन्ही गोष्टी तपासाव्या लागतात. समजा, कापण्याचा व घर्षणाचा विरोध मोडून टेबल १००० न्यूटन, म्हणजे सुमारें १०० किलो वजनाइतक्या जोरानें ढकलावयाचें आहे. स्क्रूची फेऱ्यामागील चाल ५ मिलिमीटर आणि कार्यक्षमता शेंकडा ९० धरली, तर फिरविण्याचा जोर, ज्यास टॉर्क म्हणतात, तो सुमारें ०.९ न्यूटन-मीटर येतो. मिनिटाला ३००० फेरे करणाऱ्या ४०० वॅट सर्व्होचा अखंड टॉर्क साधारण १.२७ न्यूटन-मीटर असतो, आणि क्षणभर ती त्याच्या तिपटीच्या जवळपास जोर लावूं शकते. त्या वेगानें टेबल मिनिटाला १५ मीटर धांवेल; लहान यंत्रास हें पुष्कळ झालें. येथें ७५० वॅटची मोटर घेण्यास कारण उरत नाहीं.

जडत्वाचा हिशेब मात्र अनेकांना चकवितो. ६० किलोचें टेबल पाहून मोटरला मुख्य ओझें त्याचेंच असणार असें वाटतें. पण २० मिलिमीटर जाडीच्या व ६०० मिलिमीटर लांबीच्या पोलादी स्क्रूचें वजन जेमतेम दीड किलो असूनही, मोटरला त्याचें जडत्व त्या टेबलाच्या जवळजवळ दुप्पट भासतें. कारण टेबल एका फेऱ्यांत अवघें ५ मिलिमीटर हलतें, स्क्रू मात्र पूर्ण फिरतो; आणि त्याची जाडी दुप्पट केली कीं जडत्व सोळापट होतें. म्हणून उगीच जाड स्क्रू घेऊं नये. फार बारीकही नसावा, कारण लांब व बारीक स्क्रू वेगांत थरथरूं लागतो.

बसवितांना स्क्रूचा अक्षाच्या दिशेचा रेटा मोटरच्या बेअरिंगांवर पडूं देऊं नये. स्क्रूच्या एका टोकास अँग्युलर-कॉन्टॅक्ट बेअरिंगांची जोडी बसवून तो तेथेंच अडवावा. मोटर व स्क्रू यांचे मध्य डायल-गेज लावून जुळवावेत, आणि त्यांमध्यें खेळ नसलेलें, पण किंचित् लवणारें कपलिंग घालावें. कपलिंग दांड्यावर हातोडीनें कधींही ठोकूं नये. तो धक्का थेट पाठीमागील नाजूक एन्कोडरला बसतो. एन्कोडरची वायर जाळीच्या आवरणाची असावी आणि मोटरच्या वीजवायरीपासून दूर न्यावी.

शेवटची गोष्ट जिवाची आहे. स्टेपर अडली तर गुरगुरून थांबते. सर्व्हो अडली तर अधिक जोर करते. एन्कोडरची जोडणी उलट झाली, तर चूक कमी होण्याऐवजीं वाढत जाते आणि टेबल भरवेगानें सुटतें. यासाठीं मोटर स्क्रूला जोडण्यापूर्वीं तिला मेजावर घट्ट आवळून, जोराची मर्यादा कमी ठेवून चालवून पाहावी. आज्ञा व स्थिति यांत ठराविक अंतर पडतांच ड्राइव्हनें थांबावें अशी मर्यादा घालावी. आणीबाणीच्या बटणानें संगणकावर अवलंबून न राहातां मोटरची वीज तोडली पाहिजे. उभ्या अक्षावर ब्रेक असलेलीच मोटर घ्यावी, नाहींतर वीज जातांच हत्याराचें डोकें खालीं येऊं शकतें. वीज बंद केल्यावरही ड्राइव्हमधील कपॅसिटरांत कांहीं मिनिटें विद्युत्‌ सांठून राहाते. तोपर्यंत तारांना हात लावूं नये.

हें सर्व साधणार नसेल, तर हलक्या यंत्राला हिशेबानें निवडलेली स्टेपरही चांगलें काम देते. ज्या यंत्राचा सांगाडा भक्कम आहे आणि ज्यांतील खेळ काढून टाकला आहे, त्यालाच सर्व्होचा खरा उपयोग होतो.