हात तोच, काठी तीच, मग ऐनवेळी फटका चुकतो कसा? गोल्फमधला डोक्याचा खेळ समजून घ्या

१३ एप्रिल २०२५. अमेरिकेतलं ऑगस्टा. मास्टर्स स्पर्धेचा शेवटचा दिवस आणि शेवटचं होल. रोरी मॅकिलरॉयसमोर साधारण पाच फुटांचा पट होता. पट म्हणजे चेंडू हलकेच घरंगळवत भोकात टाकायचा. हा गेला की स्पर्धा खिशात. असे हजारो पट त्यानं आजवर टाकले असतील.

आणि तो चुकला.

कॅरम खेळणाऱ्यांना ही भानगड लगेच कळेल. शेवटची सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी असते, सगळे बघत असतात आणि नेमकी तीच हुकते. हात तोच, स्ट्रायकर तोच. मग बदलतं काय?

तर बदलतं डोकं.

गोल्फमध्येच हे इतकं का होतं?

क्रिकेटमध्ये फास्ट बॉलरसमोर विचार करायला अर्धा सेकंदही मिळत नाही. गोल्फमध्ये उलटं आहे. चेंडू शांत पडलेला असतो, कधी मारायचा ते तुम्ही ठरवायचं. १८ होलचा एक राउंड चार तासांच्या आसपास चालतो. एक फटका दोनेक सेकंदांचा. ७२ फटके धरले तरी प्रत्यक्ष खेळ होतो जेमतेम अडीच मिनिटं. उरलेला वेळ चालायचं, थांबायचं आणि विचार करत बसायचं. रिकामं डोकं काय काय उद्योग करतं, हे वेगळं सांगायला नको.

दबावात नेमकं काय घडतं?

जिना उतरताना ‘आता कुठला पाय टाकू’ असा विचार करून बघा. पाय अडखळतात. कारण सवयीनं होणाऱ्या कामात आपण लुडबुड करतो.

सायन बायलॉक आणि थॉमस कार या मानसशास्त्रज्ञांनी २००१ मध्ये गोल्फच्या पटिंगवर केलेलं संशोधन प्रसिद्ध केलं. त्यातून हेच पुढं आलं. दबाव आला की खेळाडू आपल्याच हालचालींवर पहारा द्यायला लागतो आणि सरावानं आपोआप होणारी गोष्ट बिघडते. पुढच्या प्रयोगांत तर अनुभवी खेळाडूंना भराभर पट मारायला सांगितल्यावर त्यांचा खेळ सुधारला. नवख्यांचा मात्र बिघडला.

दुसरी गोष्ट म्हणजे स्कोअर. प्रत्येक होलसाठी ठरलेल्या फटक्यांना ‘पार’ म्हणतात, त्याहून एक कमी म्हणजे ‘बर्डी’. डेव्हिन पोप आणि मॉरिस श्वाइत्झर यांनी व्यावसायिक खेळाडूंचे २५ लाखांहून जास्त पट तपासले. तेवढ्याच अंतरावरून पारसाठीचे पट बर्डीच्या पटांपेक्षा जास्त वेळा आत गेले होते. काही कमावण्यापेक्षा हातचं जाऊ नये यासाठी माणूस जास्त जीव लावतो. चेंडूला यातलं काहीच माहीत नसतं, हिशेब सगळा आपल्या डोक्यात.

मग करायचं काय?

एक, ठरलेला क्रम. फटक्याआधी दरवेळी तेच करा. मागून रेषा बघा, एकदा हवेत फिरवून बघा, उभे राहा, मारा. पट दोन फुटांचा असो की जिंकायचा, क्रम बदलायचा नाही. डोक्याला ठरलेलं काम मिळालं की ते भलतीकडे कमी धावतं.

दोन, लक्ष हातावर नको. गॅब्रिएल वुल्फ यांच्या १९९९ च्या प्रयोगात हातांऐवजी क्लबच्या, म्हणजे काठीच्या हालचालीकडे लक्ष देणाऱ्या नवख्यांचाही नेम जास्त चांगला लागला. हाताचं तंत्र सरावाच्या दिवशी दुरुस्त करायचं, सामन्यात नाही.

तीन, मागचा फटका मागेच. सगळ्यात अवघड हेच आहे. २०११ मध्ये २१ वर्षांच्या रोरीकडे याच मास्टर्सच्या शेवटच्या दिवशी चार फटक्यांची आघाडी होती. दहाव्या होलवर घोळ झाला, त्यातून तो सावरलाच नाही. त्या दिवशी ८० फटके लागले आणि स्पर्धा गेली.

२०२५ मध्येही सुरुवात वाईटच झाली. पहिल्याच होलवर दोन फटके वाया गेले. तेराव्यावर चेंडू पाण्यात. शेवटी तो पाच फुटी पट हुकला आणि जस्टिन रोझशी बरोबरी झाली.

प्लेऑफसाठी जाताना त्याचा कॅडी आणि लहानपणापासूनचा मित्र हॅरी डायमंड त्याला एवढंच म्हणाला, की सोमवारी सकाळी कुणी हे देऊ केलं असतं तर आपण आनंदानं घेतलं असतं. ना चुकीची चर्चा, ना तंत्राचा सल्ला.

पुन्हा तेच अठरावं होल. रोरीनं चेंडू भोकाच्या अगदी जवळ आणला आणि यावेळी पट टाकला. करिअर ग्रँड स्लॅम पूर्ण करणारा तो सहावा खेळाडू ठरला.

म्हणजे डोकं पक्कं असणाऱ्यांचे फटके चुकत नाहीत असं नाही. त्यांचेही चुकतात. फक्त चुकलेला फटका ते पुढच्या फटक्यापर्यंत सोबत नेत नाहीत.