बॅकअप घेतलाय? मग एकदा उघडून बघा!

मागच्या व्हिडिओत बिलिंग सॉफ्टवेअर बघितलं. आज त्यातला डेटा सांभाळण्याबद्दल.

मोठ्या कंपनीत या कामाला खास माणूस असतो: डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, म्हणजे डीबीए. बॅकअप, कोणाला काय दिसावं याची परवानगी, रात्री-अपरात्री येणारे फोन, सगळं त्याच्याकडे. आपल्या दुकानाचे डीबीए आपणच.

31 जानेवारी 2017 च्या रात्री गिटलॅब कंपनीत एका इंजिनिअरने चुकून भलत्याच सर्व्हरवर डेटा पुसायची कमांड दिली. सुमारे 300 जीबी गेले. बॅकअपच्या बऱ्याच सोयी होत्या, पण ऐनवेळी एकही धड चालेना. सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढलेली प्रत उपयोगी पडली. मधल्या नोंदी मात्र गेल्याच. कंपनीने लपवलं नाही. दुरुस्ती यूट्यूबवर लाईव्ह दाखवली, कारणं लिहून काढली. त्यामुळे जगभरचे डीबीए त्यातून शिकले.

माझंही तेच झालं. पावसात लाईट जा-ये करत होती, कॉम्प्युटर बसला. पेनड्राइव्हवर बॅकअप होता, पण फाइल उघडेना. गणपतीच्या तोंडावरची उधारी आठवून लिहिली. काही जणांना विचारायचीच लाज वाटली, ते पैसे सोडले.

म्हणून तीन कामं करा:

1. रोज दुकान बंद करताना बॅकअप घ्या.
2. एक प्रत घरी ठेवा.
3. महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि उधारीची तीन खाती वहीशी जुळवा.

तिसरं काम आजच करून बघा. भेटू पुढच्या व्हिडिओत!