भास्कराचार्यांचे ६१ चे कोडे

एक कोडे सोडवून पाहा. एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा आणि १ मिळवा. येणारे उत्तरही पूर्ण वर्ग हवे. शून्य चालणार नाही.

६१ ऐवजी ६० असते तर कोडे सोपे होते : ४ चा वर्ग १६, गुणिले ६०, अधिक १ म्हणजे ९६१, अर्थात ३१ चा वर्ग. ६२ साठीही ८ घेतले की ६३ चा वर्ग मिळतो. मधल्या ६१ साठी मात्र सर्वांत लहान संख्या आहे २२,६१,५३,९८० आणि मिळणारा वर्ग आहे १,७६,६३,१९,०४९ चा! सेकंदाला एक संख्या, अशी रात्रंदिवस तपासणी केली तरी सात वर्षांहून अधिक काळ लागेल.

हे उत्तर भास्कराचार्यांनी ११५० मध्ये ‘बीजगणित’ ग्रंथात दिले. त्यांनी आपले गाव ‘विज्जडविड’ असे सांगितले आहे. ते गाव म्हणजे आपले बीड असावे, असे काही अभ्यासक मानतात. काही जण चाळीसगावजवळच्या पाटणचे नाव घेतात. यावर एकमत नाही.

संगणक नसताना हे जमले कसे? त्यांनी एकेक संख्या तपासली नाही. त्यांनी जवळच्या चुकीपासून सुरुवात केली. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा ३ ने जास्त. या ३ वरून ‘चक्रवाल’ पद्धतीने पुढची जोडी मिळते : ३९ चा वर्ग १५२१, ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५. फरक उणे ४. इथून ब्रह्मगुप्ताच्या, म्हणजे सातव्या शतकातल्या, युक्तीने २९७१८ आणि ३८०५ ही जोडी येते. आता फरक उणे १. मग २९७१८ च्या वर्गाची दुप्पट करून १ मिळवला, की १,७६,६३,१९,०४९ हातात!

पडताळा घेताना एक काळजी घ्या. या संख्येचा वर्ग १९ अंकी आहे. साध्या कॅल्क्युलेटरवर तो पूर्ण मावत नाही आणि नेमका शेवटचा १ दिसेनासा होतो. निदान शेवटचे दोन अंक हातानेच तपासा : ४९ चा वर्ग २४०१, शेवटी ०१. दुसरीकडे ८० चा वर्ग ६४००. त्याला ६१ ने गुणले तरी शेवटी ००, त्यात १ मिळवला की ०१. जुळले!

हेच कोडे फ्रान्सच्या फर्माने १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांना आव्हान म्हणून घातले. भास्कराचार्यांचे उत्तर तेव्हा पाचशे वर्षे जुने होते. असे कोडे वर्ग नसलेल्या प्रत्येक संख्येसाठी सुटतेच, ही सिद्धता लाग्रांजने अठराव्या शतकात दिली.

पहिल्या हजार, लाख, अगदी कोटी संख्या तपासूनही ६१ चे उत्तर सापडत नाही. तेवढ्यावर ‘उत्तरच नाही’ म्हणणारा चुकतो. औषध असो वा आकडा, ‘आजवर दिसले नाही’ आणि ‘नाहीच’ यांत फरक असतो. मुलांना हे कोडे जरूर घाला. ३९ आणि ५ पर्यंत तरी त्यांना स्वतः पोहोचू द्या.