सायकलची मोकळी वाट शोधा गावनकाशात!

केज तालुक्यातील युसूफ वडगावहून अंबाजोगाईला सायकलने जायचे, तर डांबरी रस्त्यावर दुचाकी, जीप आणि गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर असतातच. मग मोकळी वाट कुठे मिळेल?

वाट कशी ओळखायची?
युरोपात बंद पडलेल्या रेल्वेमार्गांवर सायकलवाटा झाल्या. आपल्याकडे पाणंद आणि शिवरस्ते आधीपासून आहेत. गावनकाशात दोन तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग, रुंदी १६.५ ते २१ फूट. एक तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, रुंदी ८.२५ फूट.

अडचण काय?
अनेक वाटा अतिक्रमणाने बुजल्या आहेत. त्यात सायकलच नव्हे, शेतमालही अडकतो.

उपाय आहे?
मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार वहिवाटीच्या वाटेवरील अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात. मात्र अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांत दावा करावा लागतो. पाणंद रस्त्यांच्या कामासाठी २०२१ मध्ये मातोश्री योजनाही सुरू झाली.

पाहायचे काय?
अंबाजोगाईत योगेश्वरी मंदिर, हत्तीखाना लेणी आणि आद्यकवी मुकुंदराजांची समाधी. केज तालुक्यातच धनेगावला मांजरा धरण. धारूरला किल्ला.

कधी निघावे?
पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटते, म्हणून दिवाळीनंतर, सकाळी लवकर. वाट पुढे निघते का, हे गावात विचारून घ्या. पंक्चरचे सामान आणि पाणी सोबत ठेवा. वाट बुजलेली दिसली, तर उभ्या पिकातून सायकल घालू नका, मागे फिरा.