वळिवड्याच्या पाहुण्यांचे मूळगाव

तळ्याहून मुंबईस गेलेल्याचे कूळ नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत बहुधा सापडते. आधी गाव मात्र सांगावे लागते. पोलिश कुळाचेही तसेच.

कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक स्त्रिया व मुले. पुढे ती देशोदेशी पांगली. त्यांची नातवंडे आजच्या पोलंडच्या नकाशात आजीचे गाव शोधू लागली, की फसतात. १९४०-४१ साली ज्या पूर्वेकडील गावांतून सोव्हिएत सत्तेने या कुटुंबांना सैबेरियात नेले, ती गावे आज युक्रेन, बेलारूस वा लिथुआनियात आहेत. आजी कोवाल्स्का, आजोबा कोवाल्स्की. आडनाव एकच बरे का! गाव कळले, की तेथील चर्चचे बाप्तिस्म्याचे दप्तर पाहावयाचे. गतशतकापूर्वीच्या नोंदी ऑस्ट्रियाच्या अमलाखाली लॅटिनमध्ये, तर रशियाच्या अमलाखाली पुष्कळदा रशियनमध्ये आहेत.