बंबावरची माणसे

१ नोव्हेंबर २०१८ रोजी कल्याण पूर्वेतल्या एका विहिरीने पाच जणांचा बळी घेतला. सफाईसाठी उतरलेला माणूस वर येईना, म्हणून त्याला काढायला दुसरे उतरले आणि विषारी वायूने तेही गेले. मृतांमध्ये दोघे कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या अग्निशमन दलाचे जवान होते. धूर किंवा वायू कोंडलेल्या जागी शिरण्याची रीत ठरलेली आहे. पाठीवर हवेचा सिलिंडर बांधून दोघांनी जोडीने आत जायचे, आणखी दोघांनी तयारीत थांबायचे. दारावरच्या एकाने नुसती वेळ मोजायची, कारण सिलिंडरमधली हवा साधारण अर्धा तास पुरते. त्याच वेळी चालकाने पंप सांभाळायचा. एका बंबावर सहा माणसे लागतात ती यासाठी. त्यांतली दोन कमी झाली, तर आत गेलेल्यांच्या मागे कोणी उरत नाही.

अग्निशमनाची चर्चा मात्र बहुतेक वेळा गाड्यांचीच होते. नव्या गाडीचे लोकार्पण होते, उंच शिडीचा फोटो छापून येतो. हिशेब माणसांचा मांडायला हवा. आठवड्याचे तास १६८. एक माणूस ४८ तास काम करील, म्हणजे एका जागेला साडेतीन माणसे. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की चारांहून अधिक. सहा जणांचा एक बंब चोवीस तास सज्ज ठेवायला पंचवीसेक माणसे लागतात. तीन लाख वस्तीपर्यंत दर ५० हजारांमागे एक बंब आणि पुढे दर लाखाला एक, हा देशपातळीवरचा निकष आहे. २०११च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास होती, ठाण्याची १८ लाखांवर. त्या जुन्या आकड्यांवरही कल्याण-डोंबिवलीला पंधराएक बंब आणि पावणेचारशे माणसे, तर ठाण्याला एकवीस बंब आणि सव्वापाचशे माणसे लागतात. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर त्यानंतर उभे राहिलेले टॉवर यात धरलेले नाहीत.

यंत्रांसाठी पैसा येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने राज्यांच्या अग्निशमन सेवांसाठी ५,००० कोटींची योजना आखली. पण गाडी एकदाच घ्यायची असते, पगार दरमहा द्यायचा असतो, आणि अडते ते तिथेच. आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांवर गेला की महापालिकेला नवी पदे मिळणे कठीण होते. उधळपट्टी रोखायला हा दंडक योग्यच आहे, पण तो फाइल हलवणाऱ्या टेबलाला आणि आगीत शिरणाऱ्या जवानाला एकाच मापाने मोजतो. अग्निशमनाची पदे या मर्यादेतून वगळली पाहिजेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आज यांना सवलत दिली तर उद्या प्रत्येक खाते मागेल, ही शंका रास्त आहे. म्हणून सवलत बंबांच्या निकषाशी बांधावी, एकही पद त्यापलीकडे नको. पैशाचा एक मार्गही कायद्यातच आहे. २००६च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाने बांधकामांकडून अग्निशमन शुल्क घेता येते. ते किती जमले आणि त्यातून किती माणसे उभी राहिली, हे दरवर्षी अर्थसंकल्पात वेगळे दिसले पाहिजे.

याच कायद्याने इमारतींवर स्वतःची यंत्रणा सांभाळण्याची जबाबदारी टाकली आहे, मग दल वाढवायचे कशाला, असाही प्रश्न येतो. इमारतीतले पंप आणि स्प्रिंकलर आग रोखून धरतात. धुरात अडकलेल्या म्हाताऱ्या माणसाला जिन्यावरून उचलून आणत नाहीत. शेजारच्या शहरांची मदत मिळते, हेही खरे. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट होऊन १२ जण गेले. २३ मे २०२४ रोजी अमुदान केमिकल्समध्ये पुन्हा तेच घडले. अशा वेळी आसपासचे बंब धावून येतात. पण कल्याण-शीळ रस्त्याची कोंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ठाण्याहून निघालेला बंब किती मिनिटांत पोहोचेल हे सांगायला नको. शहरात पहिला बंब पाच ते सात मिनिटांत पोहोचावा अशी अपेक्षा आहे, आणि तेवढ्या वेळात येणारा बंब फक्त आपल्याच केंद्राचा असू शकतो.

२०२५मध्ये कल्याण-डोंबिवली आणि ठाणे या दोन्ही महापालिकांनी काढलेल्या भरतीत अग्निशामकांची पदे होती, ही चांगली गोष्ट. मात्र अग्निशामकाचा अभ्यासक्रमच सहा महिन्यांचा असतो, आणि त्यानंतर अनुभवी हाताखाली काही वर्षे काढल्याशिवाय रासायनिक आगीला सामोरा जाणारा जवान तयार होत नाही. जुने जवान निवृत्त होण्याआधी नवे त्यांच्यासोबत बंबावर चढले पाहिजेत. त्यासाठी दहा वर्षांतून एकदा मोठी जाहिरात काढून भागणार नाही. निवृत्तीच्या यादीकडे पाहून दरवर्षी थोडी भरती करावी लागेल.